अंगणासाठी तीन हॉर्सपॉवर

अंगण धुवायचं होतं बारा बाय पंधराचं, आणि मी घरी आणलं ट्रक धुवायचं मशीन.

हे वाक्य एकदाचं लिहून टाकलेलं बरं. आजवर ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आणि दर वेळी सुरुवात दुसरीकडूनच केली. कधी पावसापासून, कधी विजेच्या दाबापासून, कधी हल्लीच्या प्लास्टिकच्या मालापासून. कुठूनही निघालो तरी शेवटी माझ्याच दारात येऊन थांबायचो. आता बासष्टाव्या वर्षी एवढे वळसे घालायचा कंटाळा येतो.

मुळात मशीन मला नकोच होतं. ते हवं होतं बायकोला.

आमचं घर कसबा बावड्याकडं जाताना आत एका कॉलनीत आहे. घराची पायरी आणि फाटक यांच्यामध्ये अंगण, त्यात घर बांधतानाच बसवलेली शहाबादी फरशी. शेजारच्यांनी नवा मजला चढवून ऊन अडवलं आणि तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या फरशीवर शेवाळ धरतं. हिरवंगार, मऊ, लांबून बघितलं तर छान वाटणारं. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात गॅसवाला आला म्हणून बायको फाटक उघडायला गेली आणि त्या शेवाळावरून घसरून पडली. मी आत पेपर वाचत होतो. धाडकन आवाज आला तो सिलिंडरचा असेल असं समजून मी पान उलटलं. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, पण आत येऊन मला उठवणाऱ्या आणि सोबत दवाखान्यात आलेल्या गॅसवाल्यानं सांगितलं.

उजव्या हाताचं मनगट मोडलं. दीड महिन्यानं प्लॅस्टर निघालं, हात बराचसा सुधारला, पण पाय भ्यायला लागले. पायरीवर आली की ती थांबायची आणि मला हाक मारायची. मी जिथं असेन तिथून उठून यायचं, तिनं माझा दंड धरायचा, आणि आम्ही दोघं वरातीतल्या नवरा-नवरीसारखे एकेक पाऊल टाकत फाटकापर्यंत जायचं. तोवर भाजीवाली पुढच्या गल्लीत गेलेली असायची. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या तिच्या मैत्रिणी आधी फाटकाशी थांबायच्या, मग नुसती हाक मारून जायला लागल्या, मग हाकही बंद झाली. जी बाई वीस वर्षं महाद्वार रोडच्या गर्दीतून स्कूटर चालवत नोकरीला गेली, ती आता गॅसवाल्याला दारातून ओरडून सांगायची की साहेब येतायत, थांबा. आणि साहेब चप्पल शोधत असायचे.

पुढचा पाडवा झाल्यावर एक दिवस तिनं मला समोर बसवलं. ती समोर बसवते तेव्हा विषय आधीच ठरलेला असतो.

"मला फाटकापर्यंत एकटीनं जायचंय," ती म्हणाली. "कुणाचा हात न धरता. पाऊस लागायच्या आत ती फरशी साफ व्हायला पाहिजे, आणि दर महिन्याला मी स्वतः ती साफ ठेवणार. खराटा घासायला माझा हात चालत नाही आणि तुमची कंबर चालत नाही. बहिणीकडं पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन आहे. तसलं घ्या. माझ्या हाताला झेपेल असं."

शेवटचे चार शब्द मी ऐकले होते. ऐकले नाहीत असं म्हणायला जागाच नाही, कारण मी मान हलवली होती.

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार शांत माणूस होता. त्यानं तीन-चार प्रेशर वॉशर काढून दाखवले. बायकोनं विचारलं की वजन किती, पाइप किती लांब, आणि नळाला धार नसली तर बादलीतलं पाणी ओढतो का. आमच्याकडं नळाला जी धार येते तिला धार म्हणणं म्हणजे नळाचा मान राखणं आहे, त्यामुळं हा प्रश्न शहाणपणाचा होता. मी विचारलं, "बार किती?" म्हणजे पाण्याचा दाब किती. दुकानदारानं सांगितलं की घरच्या गाडीला आणि अंगणाला शंभर-सव्वाशे बार पुष्कळ झाला. खरं कौशल्य आकड्यात नसतं, पाण्याची फेक रुंद ठेवायची आणि नोझल लांब धरायचं, त्यात असतं. मी त्याच्याकडं असं बघितलं जणू तो आपली गरिबी झाकतोय.

तेवढ्यात बायकोनं एक लहानसं मशीन आधी डाव्या हातानं उचलून बघितलं, मग जरा दम घेऊन उजव्या हातानं. उचललं गेलं. ते खाली ठेवून तिनं चाकांवर इकडून तिकडं ओढत नेलं आणि आणलं. "हेच," ती म्हणाली.

"आम्ही विचार करून सांगतो," मी म्हणालो.

आता विचार करायचा म्हणजे मित्राला विचारायचं. सकाळी रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आम्ही काही जण चहाला टेकतो. त्यात एक जण आहे ज्याचं सगळं आयुष्य फौंड्रीत गेलं. लोखंड सोडून दुसऱ्या कशावर त्याचा विश्वास नाही. प्लास्टिकच्या कपातला चहासुद्धा तो संशयानं पितो. त्याला मी दुकानातलं मशीन सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

"मर्दा, कोल्हापुरात राहून तू खोक्यातलं मशीन घेणार? मग उद्यमनगर काय बटाटे विकायला बसलंय व्हय?"

बाहेरच्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागेल. आमच्या गावात तयार वस्तू घेणारा माणूस जरा कच्चा समजला जातो. फाटकाच्या बिजागरीपासून उसाच्या चरकापर्यंत काहीही हवं असेल तर उद्यमनगरात एखाद्या शेडात जायचं आणि बनवून घ्यायचं. ते बाजारातल्यापेक्षा दुप्पट जाड असतं. दुप्पट जाड म्हणजे चांगलं, ही व्याख्या इथं पाळण्यात शिकवतात. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण ही व्याख्या माझ्या डोक्यातून निघाली नाही.

शेडात गेलो तेव्हा मिस्त्री एका मळणी यंत्राच्या दांड्याशी झटत होता. शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती, दोघांचे हात ग्रीसनं काळे. मिस्त्रीनं मान वर न करता विचारलं, "बोला पावणं, काय पायजे?"

मी म्हणालो, पाण्याचं प्रेशरचं मशीन.

"कशाला?"

इथं मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की बायकोला अंगण धुवायला. तीन शब्द. ते म्हटले असते तर त्यानं मला हात जोडून परत लक्ष्मीपुरीला पाठवलं असतं, माणूस सरळ होता. पण त्या दोन काळ्या हातांच्या माणसांसमोर ते तीन शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी म्हणालो, "गाड्या धुवायला."

किती गाड्या, त्यानं विचारलं. येतील तशा, मी म्हणालो. कुठं, त्यानं विचारलं. बावड्याकडं, मी म्हणालो. आता त्यानं दांडा खाली ठेवला आणि माझ्याकडं आदरानं पाहिलं.

"सर्व्हिसिंग सेंटर टाकताय काय? जागा चांगली धरलीसा. उसाचं ट्रॅक्टर, ट्रक समदं तिकडनंच जातंय."

मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आणि जरा छाती पुढं काढून उभा राहिलो. बाकीचं काम छातीनं केलं. दोन गिऱ्हाइकांपैकी एकानं मला बसायला स्टूल सरकवलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी स्टूल सरकवलं नव्हतं. त्या स्टुलाच्या पायी मी तीन पिस्टनचा पंप, तीन हॉर्सपॉवरची मोटर आणि लोखंडी अँगलची फ्रेम कबूल करून आलो.

आठवड्यानं मशीन टेम्पोतून आलं. उतरवायला तीन माणसं लागली. हिरवा रंग, पट्टा, पुली, आणि अजगरासारखं वेटोळं घातलेला काळा पाइप. बायको दारात उभी राहून बघत होती.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

"आपलं."

"आणि माझं?"

मी तिला सांगितलं की हे बघ, एकदाच घ्यायचं तर दणकट घ्यावं, ते दुकानातलं दोन पावसाळे टिकलं नसतं.  पायरीवरून हात लांब करून तिनं नुसती पाइपच्या टोकाची गन उचलून बघितली. पाइपसकट ती गन एका लहान मुलाच्या वजनाची होती. मनगट थरथरलं तशी तिनं ती हळूच खाली ठेवली आणि आत गेली. एखादी वस्तू आदळली तर भांडता येतं. हळूच ठेवली तर काय करायचं, हे मला लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही समजलेलं नाही.

पहिला मान गाडीला दिला. आमची गाडी बारा वर्षांची, पांढरी. मोटर सुरू केली तसे घरातले दिवे मान टाकल्यासारखे मंद झाले आणि शेजारच्यांचा टीव्ही बंद पडला. मी गनचा खटका दाबला. पाणी पुढं गेलं आणि मी मागं गेलो, थेट मिरचीच्या कुंडीत बसलो. उठलो. लांबून मारायचं, जवळून मारलं तर रंगसुद्धा निघेल, असं मिस्त्रीनं बजावलं होतं. पण बॉनेटच्या कडेला एक कावळ्याचा डाग होता, वाळून पक्का झालेला. मी जरा जवळ गेलो. डाग निघाला. त्याच्याखालचा रंगही निघाला, आणि त्याच्याखालचा गंज मला पहिल्यांदाच भेटला. तळहाताएवढा. अर्ध्या तासात वरची टाकी रिकामी झाली, तेव्हा मी थांबलो. शहाणपणानं थांबलो असं कुणी समजू नये.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकरच मागवला आणि अंगणाला सुरुवात केली.

खरं सांगतो, तो पहिला तास फार सुखाचा गेला. काळ्या-हिरव्या फरशीवरून पाण्याची धार फिरली की मागं निळसर स्वच्छ दगड उघडा पडायचा. एक पट्टा, त्याला लागून दुसरा पट्टा. कंबर दुखत नव्हती, किंवा दुखत असेल तर मोटरच्या आवाजात ऐकू येत नव्हती. मी फरशीवर धारेनं माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि कुणी बघायच्या आत पुसलं. मग लक्षात आलं की फरश्यांच्या मधल्या दरजांमध्ये शेवाळ अजून तसंच आहे. म्हटलं, मुळासकट काढू. नोझलची फेक बारीक केली आणि गन दरजांवर टेकवली.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ कमी केलं की दाब वाढतो. हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. टाचेच्या चपलेचं उदाहरण देऊन आठवीच्या वर्गाला समजावलं, आणि ज्यांना समजलं नाही त्यांचे गुण कापले.

शेवाळ निघालं. त्याच्यासोबत दरजांमधलं सिमेंट निघालं. त्याच्याखालचा मुरूमही पाण्याबरोबर उसळून वर आला आणि भिंतीवर, दारावर, पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जाऊन बसला. मला वाटलं, एवढी घाण होती तर. दुपारपर्यंत, पाइप पोचला तिथवर, मी एकही दरज सोडली नाही. शेवटी मोटर बंद केली तेव्हा अंगण घर बांधलं त्या दिवसासारखं दिसत होतं.

बायको दारात आली. तिनं बघितलं, आणि वर्षभरात मी तिच्या तोंडावर पाहिलं नव्हतं असं काहीतरी उजळलं. तिनं पदर खोचला.

"येऊ?"

"ये की."

मी हात पुढं केला नाही. मुद्दाम केला नाही, तोच तर मान होता. ती पायरीवरून उतरली आणि पहिल्या फरशीवर पाय ठेवला. फरशी एका बाजूनं खाली गेली, दुसरी बाजू वर आली, आणि फटीतून चिखलाची पिचकारी तिच्या साडीवर उडाली. ती डगमगली. मी धावलो आणि ज्या फरशीवर पाय ठेवला तीही हलली. आम्ही दोघांनी एकमेकांना धरलं. कोण कुणाला सावरत होतं हे सांगता यायचं नाही. पडलो नाही एवढंच.  मग तिनं वळून पायरी गाठली आणि आत गेली.

गवंडी आणला. तो गडहिंग्लजकडचा, वयस्कर, कमी बोलणारा. थापीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकत तो फाटकापर्यंत गेला आणि तसाच ठोकत परत आला. सगळीकडं एकच आवाज, बद्द. भरीव आवाज फक्त फाटकाजवळच्या दोन फरश्यांचा आला. तिथं माझा पाइप पोचला नव्हता.

"कुणी केलं हे?" त्यानं विचारलं.

मशीननं, मी म्हणालो. त्यानं हिरव्या मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि मशीनला दोष देण्यासारखं काही त्याला दिसलं नसावं. सगळ्या फरश्या उचलून, भर घालून परत बसवाव्या लागतील, तो म्हणाला. पण आभाळ आलंय. आता उचललं तर पाऊसभर चिखलात बसाल. दिवाळीनंतर बघू.

म्हणजे आणखी एक श्रावण गेला. मी पायरीपासून फाटकापर्यंत लाकडी फळ्या टाकल्या. फळीवरून एका वेळी एकच माणूस नीट जातो, आणि तिला तर माझा दंड हवा. म्हणून ती फळीवरून चालायची आणि मी शेजारी डुगडुगत्या फरशीवरून, प्रत्येक पावलाला चिखल उडवत. आधी तिला शेवाळाची भीती होती, ते काही ठिकाणीच होतं. आता भरवशाचं पाऊल ठेवावं अशी जागाच उरली नव्हती. हळूहळू तिनं फाटकाकडं जाणंच सोडलं. खिडकीत खुर्ची घेऊन बसायची. पाऊस पडत राहायचा, मी भाजी आणायचो, चुकीची आणायचो, आणि ती तीच निवडायला घ्यायची. मला सकाळी उठल्यापासूनच थकल्यासारखं व्हायचं. काम काहीच केलेलं नसायचं, तरी.

एक गोष्ट लिहायची राहिली होती, तीही लिहून टाकतो. ती माझा दंड धरायची ते दिवस मला मनातून आवडायचे. एवढ्या वर्षांत आम्ही असे कधी चाललो नव्हतो. मशीन निवडताना माझ्या डोक्यात हे कुठं नव्हतं अशी माझी समजूत आहे. पण दंडावरची तिची बोटं किती घट्ट असायची, ते मला तेव्हाही कळत होतं.

मशीन मिस्त्रीलाच परत द्यायला गेलो. आता खरं सांगितलं. अंगण, बायको, मनगट, सगळं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला की कागलच्या रोडला एक जण खरंच ट्रक धुतो, त्याला लावून देतो. "पावणं, पयल्याच दिवशी सांगायचं हुतं की. मी काय हसलो असतो व्हय?" हसला असता की नाही कोण जाणे, पण त्या दिवशी तो हसला नाही, आणि मला ते जास्त लागलं. स्टूलही कुणी सरकवलं नाही.

दिवाळीनंतर गवंड्यानं फरश्या उचलल्या, भर घालून, ठोकून, परत बसवल्या. दरजा घट्ट भरल्या. महिनाभर पाणी मारलं आणि वाळू दिलं. त्या महिन्यात एक दिवस बायको दुपारी रिक्षानं कुठंतरी जाऊन आली. मी झोपलो होतो. उठलो तर पायरीवर एक खोकं होतं. तिनं मला विचारलं नव्हतं, आणि मीही बार किती हे विचारलं नाही. विचारायचं तोंडावर आलं होतं.

रविवारी सकाळी तिनं ते मशीन स्वतः बाहेर काढलं. पाइप बादलीत सोडला. नोझल फिरवून फेक रुंद केली आणि हात लांब ठेवून ती फरशी धुवायला लागली. दरजांवर एकदाही रेंगाळली नाही. आवाजही फार नव्हता, शेजारच्यांचा टीव्ही चालू राहिला. मी पायरीवर बसून होतो. मध्येच तिनं गन डाव्या हातात घेतली, उजवं मनगट दोनदा फिरवलं, आणि परत उजव्यात घेतली. तासाभरानं तिनं मशीन बंद केलं आणि अंगण थोडं वाळू दिलं.

मग तिनं गन खाली ठेवली, पदर खोचला, आणि पहिल्या फरशीवर पाय ठेवला. फरशी हलली नाही. दुसरी हलली नाही. तिसरीवर ती जरा थांबली. माझं अंग सवयीनं उठलं. मी दोन ढांगांत तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि दंड पुढं केला.

तिनं दंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बाजूला व्हा. तुम्हाला धरून चालण्यापरास एकटी पडलेली बरी."